काळं झाकण

बाईने दिवा खाली नेला, झाकणाच्या कडेला आडवा धरला आणि श्वास रोखला. मुलाने नुकतीच रंग उडवायची गन बंद केली होती. पियानोचं ते लांबरुंद झाकण दोन लाकडी घोड्यांवर पडलं होतं आणि त्यावरचा ओला काळा रंग अजून हलत होता, पसरत होता, आपली जागा धरत होता. मुलाने तोंडावरचा मास्कही काढला नव्हता. दोघंही डाव्या कोपऱ्याकडे बघत होते, कारण मागच्या दोन्ही वेळा तिथूनच सुरुवात झाली होती.

"बसला," बाई म्हणाली. "या खेपेला बसला बघ. माशी आली तर घसरून पडेल."

"थांब जरा."

आणि डोळा उघडला. आधी मोहरीएवढा. एका बिंदूपासून रंग चहूकडे मागे हटला, जणू कुणी वरून हळूच फुंकर मारली, आणि मधे खालचा राखाडी थर उघडा पडला. त्याच्या शेजारी दुसरा. मग तापायला ठेवलेल्या पाण्याला बुडबुडे यावेत तसे एकामागून एक. रंगात पडणाऱ्या या गोल खड्ड्यांना त्यांच्या कारखान्यात डोळे म्हणत. एकदा डोळा पडला की तो बुजत नाही. वरून कितीही रंग मारा, तो पुन्हा उघडतो आणि टकामका बघत बसतो. सगळं लाकडापर्यंत उतरवावं लागतं.

मुलाने दिवा बाईकडून काढून घेतला, झाकणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून नेला, परत आणला, पुन्हा नेला. मग दिवा विझवून खाली ठेवला आणि मास्क काढला.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं? पुन्हा उतरवू."

"कड बघ, आई. वरचं लाकूड कागदाएवढं उरलंय. पियानोवाला बजावून गेला होता, वरचा पापुद्रा जपा म्हणून. अजून एकदाच घासता येईल. त्यानंतर आतलं कच्चं लाकूड वर येईल आणि मग हे झाकण नाही, सरपण."

"एकदा तर एकदा."

"आणि एकदा मारून काय होणार? माझा हात गेलाय." दुकानदार मीठ संपलंय म्हणून सांगतो, तसं त्याने ते सांगितलं. "फ्रिजच्या कारखान्यात हो म्हणून कळवतो. सोमवारपासून ये म्हणालेत. तिथे मशीन रंग मारतं, माणसाने नुसतं बटण दाबायचं."

"आणि इथे कोण?"

प्लॅस्टिकचा पडदा बाजूला करून तो बाहेर गेला.

बाईला सगळी गल्ली बाईच म्हणायची. नवरा गेला तेव्हा लोक कारखान्याला कुलूप लागायची वाट बघत होते. तिने कुलूप तर लावलं नाहीच, उलट दाराला नवा रंग मारून घेतला आणि वाट बघणाऱ्यांना पेढ्यासारखं हसून दाखवलं. शाळा तिने बाहेरूनच पाहिलेली. पण कुठल्याही फळीवरून तळवा फिरवून ती सांगायची, इथे ओरखडा राहिलाय, इथे पुट्टी खाली बसलीय, इथे घासणाऱ्याचं लक्ष चुलीत होतं. शेवटचा चकचकीत थर मारण्याआधी बाईने तळवा फिरवायचा, हा घरचा नियम होता. नवऱ्याने घातलेला, मुलाने चालवलेला. तळवा फिरवून ती "हं" म्हणायची आणि मगच कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. मोठी मोठी गिऱ्हाइकं दारात ताटकळत त्या "हं"ची वाट बघायची. बाईला ते कुणी सांगायला नको होतं, तिला माहीत होतं.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या त्या पियानोवाल्याचं काम त्यांना कधीपासून हवं होतं. काळा चकचकीत थर म्हणजे रंगाऱ्याची परीक्षा. पांढऱ्यावर लपतं ते काळ्यावर ओरडतं, आणि गेलं वर्षभर सगळी कामं पांढरीच आली होती. पहिल्या वेळी डोळे पडले तेव्हा थिनरला शिव्या घातल्या आणि डबा बदलला. दुसऱ्या वेळी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं, नळी नवी घातली, धूळ उडू नये म्हणून जमीन ओली केली, छतसुद्धा पुसलं. आणि खालचे थर दोन्ही वेळा अगदी स्वच्छ आले होते. बिघडायचं ते नेमकं शेवटी.

मग बाईची नजर सुनेवर गेली. सून केस कापायच्या पार्लरमध्ये कामाला. तिथली सिरम, तिथले फवारे, तिथला चमचमाट. रंग तेलाला भितो, हे या घरात पोराला बोलता यायच्या आधी कळायचं. तेलकटपणाचा एक थेंब लागला की रंग तिथून पळ काढतो, आणि पळाला की डोळा.

"हे चकाकणारं डोकं घेऊन कारखान्यासमोरून जाऊ नकोस," बाई म्हणाली होती.

"मग कुठून जाऊ? छपरावरून?"

"काम होईपर्यंत बहिणीकडे जा. तू शिंकलीस तरी त्या झाकणाला कळतं."

मुलगा मधे बोलायला गेला, बाईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. सून गेली. दारात चपला घालताना एवढंच म्हणाली, "मी नसताना पडले, तर मग कुणाला घालवणार?"

आता ती नव्हती आणि पडले होते.

बाई झाकणाशेजारी एकटीच उभी राहिली. घरात उरलं होतं कोण, की ज्याच्यावर खापर फोडावं? मांजरसुद्धा नव्हतं. तिने दिवा पुन्हा लावला. आधीच्या दोन्ही वेळा मुलाने रागारागाने रंग ओला असतानाच खरवडून काढला होता, त्यामुळे डोळे कसे पडलेत हे नीट बघायला कुणाला सवडच झाली नव्हती. आज रंग तसाच सुकत होता. बाईने दिवा अगदी आडवा धरला आणि एक एक डोळा बघण्याऐवजी सगळं झाकण एकदम बघितलं.

डोळे कसेही पडले नव्हते. ते रेघेत होते. डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडे थोड्या वळत जाणाऱ्या रेघा, शेजारी शेजारी, आणि त्यांतली एक तुटक. शेताला नांगर लागावा तशा त्या पार पलीकडपर्यंत गेल्या होत्या आणि तिथून खाली वळून परत आल्या होत्या.

बाईने दिवा खाली ठेवला. हळूच आपला उजवा तळवा झाकणावर, रंगाला न टेकवता, अधांतरी धरला आणि फिरवला. डावीकडून उजवीकडे. तिचं मधलं बोट कधीतरी दारात सापडून वाकडं झालं होतं, ते फळीला धड टेकत नसे. तुटक रेघ त्या बोटाखालून गेली.

ती मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. थिनरने तिची बोटं हिवाळ्यात फाटायची, रक्त यायचं. गेल्या वर्षी सुनेने पार्लरमधून हाताला लावायच्या मलमाचा एक डबा आणून दिला होता. चारचौघांदेखत बाई म्हणाली होती, "हातांचे लाड करायला मी काय राणी आहे? ही थेरं तुमच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवा." डबा फळीवर गेला. पण बोटं ठणकायला लागली तेव्हा तो फळीवरून खाली यायचा, आणि कुणी उठायच्या आत परत वर जायचा. मलम भारी होतं. हात कसे रेशमासारखे व्हायचे.

बाईने साबणाने हात घासले. मग भांड्यांच्या पावडरीने. मग थिनरने. एक टाकाऊ पत्रा घेतला, अर्ध्या भागावर तळवा दाबला, आणि पत्र्यावर काळा रंग उडवला. अर्धा पत्रा काचेसारखा राहिला. उरलेल्या अर्ध्यावर तिच्या डोळ्यांदेखत एक पंजा उमटला, खड्ड्याखड्ड्यांचा.

ती खाली बसली. कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू ती स्वतःलाच म्हणाली, "मेले."

पत्रा तिने उलटा करून कोपऱ्यात टाकला, चप्पल घातली आणि निघाली.

पार्लरमध्ये दुपारची गर्दी नव्हती. सून फरशीवरचे केस झाडत होती. सासूला दारात बघून तिचा झाडू थांबला.

"हे बरे आहेत ना?"

"त्याला काय होतंय."

"मग बसा. केस कापायला आलात की मला कापायला?"

बाई आरशासमोरच्या उंच खुर्चीवर बसली. पाय जमिनीला टेकेनात, तशी सावरून कडेला सरकली. हात तिने मांडीखाली घेतले होते.

"पुन्हा पडले," ती म्हणाली.

"मी नसताना."

"तू नसताना."

सून झाडूच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिली. तिला हसू आलं होतं, पण सासूचा चेहरा बघून ते तिने गिळलं. "मग? आता काय शेजाऱ्यांना गाव सोडायला सांगायचं?"

बाईने मांडीखालचे हात काढले आणि समोरच्या फळीवर, कंगव्यांच्या आणि कात्र्यांच्या मधे, उताणे ठेवले.

सून आधी नुसतीच बघत राहिली. मग वाकली. थिनरच्या वासाखालून तिला मलमाचा ओळखीचा वास आला. तिने डोळे मिटून घेतले आणि उघडले.

"सगळ्यावर हात फिरवलात?"

"दर वेळी फिरवते. नियम आहे."

"अगंबाई."

"अगंबाई काय! मला काय माहीत त्यात काय घालतात? रोज एवढंसं लावायची. डबासुद्धा संपला नाही अजून."

"संपणार कसा? मी भरत होते."

बाईने मान वर केली.

"फळीवरचा डबा हलका लागला की मी भरायचे," सून म्हणाली. "तुम्हाला मागायला लागू नये म्हणून. म्हटलं, लावतायत ना, लावू दे. बोलायचं कशाला, नाहीतर नाकाला मिरच्या झोंबतील आणि हात तसेच फाटत राहतील."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती.

"म्हणजे निम्मे डोळे तुझे," बाई म्हणाली.

"घ्या! यातही वाटणी!" सून या वेळी हसलीच. मग तिने सासूचा हात उलटा केला आणि कंगव्याचं टोक एका बोटाच्या पेरावर दाबलं. "लागतंय?"

"काय?"

तिने जरा जोराने दाबलं. "आता?"

"दाबतेयस का?" बाईने विचारलं, आणि मग स्वतःच खाली बघितलं.

कंगव्याच्या टोकाने पेराला खळी पडली होती. सुनेने कंगवा बाजूला ठेवला. बाईने हात मागे घेतला नाही. किती दिवस फळ्यांवरून नुसताच तळवा फिरत होता, आणि "हं" म्हणायचं म्हणून म्हटलं जात होतं, हे तिने आजवर स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"मी येते," सून म्हणाली. "पांढरा सुती हातमोजा घालून मी बघते कुठे खरखर आहे ती. मला कळेल, केसातली गाठ कळते मला. पण ह्यांना कोण सांगणार?"

"काय सांगायचं? हात गेला म्हणतो, सोमवारी फ्रिजच्या कारखान्यात निघालाय. थर नीट बसला की झालं."

"आई, ते म्हणतायत त्यांचा हात गेला. काल फोनवर माझ्याशी बोलताना पण आवाज कसातरीच होता. उद्या थर बसला तरी त्यांना वाटेल नशिबाने बसला. आणि सोमवारी जातील ते जातीलच." तिने केस सुपलीत भरले. "तुम्ही नाही सांगितलंत तर मी येत नाही."

बाईने तिच्याकडे बघितलं. घरात तिला असं कुणी बोललं नव्हतं. पण हे घर नव्हतं, आणि पाय अजून टेकत नव्हते.

मुलगा कारखान्यात गन वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होता. बाई पडद्याच्या अलीकडेच थांबली. सून तिच्या मागे.

"ते खोकं राहू दे," बाई म्हणाली. "इकडे बघ. इतकी वर्षं रंग मारतोयस ना? बापाने गाढवाला शिकवलं असतं तर एव्हाना बरं शिकलं असतं. दिवा लाव आणि आडवा धर. लाव म्हणते ना! दिसतात का रेघा? अशा वळत गेलेल्या? आणि एक तुटक? तुटक का आहे, कळतंय? कुणाचं बोट वाकडं आहे या घरात? तुझं आहे? मग कुणाचा हात गेला आणि कोण बोंबलत सुटलंय!"

मुलाने दिवा लावला नाही. तो झाकणाकडे बघतही नव्हता.

"दिसल्या," तो म्हणाला.

"काय?"

"रेघा. दुपारी दिवा तुझ्याकडून घेतला ना, तेव्हाच दिसल्या."

बाईने पडद्याची कड धरली. "आणि तरी सांगितलंस तुझा हात गेला म्हणून?"

"कुणाचा तरी गेला म्हणायला हवं होतं."

"आणि सोमवारी निघाला होतास. कारखाना बंद करून. बटण दाबायला."

"मग काय म्हणणार होतो मी तुला?" त्याने एक गन उगाचच उचलून पुन्हा ठेवली. "फळीला हात लावू नकोस म्हणून? मला नसतं जमलं ते, आई."

"आणि मला बहिणीकडे पाठवलं ते जमलं," सून मागून म्हणाली.

"तेव्हा मला कुठे माहीत होतं गं? आज कळलं."

"आज कळल्यावर फोन होता खिशात."

"तुला सांगितलं असतं तर तू हिला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं! तुमच्यासारखं मूग गिळून सामान नसतं बांधलं. बरं झालं, ह्या स्वतःच आल्या. नाहीतर तुम्ही फ्रिज रंगवत बसला असतात आणि आम्ही दोघी इथे एकमेकींची तोंडं बघत."

मुलाने चमकून आईकडे बघितलं. स्वतः आली, हे त्याला आत्ता कळलं. बाई दुसरीकडेच बघत होती.

"आधी पुसायचं, मग घासायचं," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "आधी घासलंस तर तेलकट आत जाईल. प्रत्येक वेळी नवं फडकं. आणि कडेला घासायचा कागद हाताने लावायचा, ठोकळ्याने नाही. पापुद्रा गेला तर तुझ्या बापाला वर जाऊन तोंड मीच दाखवणार आहे." एवढं बोलून ती मागे सरली आणि पडदा तिच्यापुढे बंद झाला.

ती आत गेली नाही. तो दिवस नाही, दुसरा दिवसही नाही. पायरीवर बसून ती आतले आवाज ऐकत राहिली. कागदाची खरखर मोठी होती ती बारीक झाली. कड आली की मुलगा श्वास धरायचा, ते तिला बाहेर कळायचं, कारण खरखर तेवढ्यापुरती थांबायची. पापुद्रा गेला असता तर तो काहीतरी बोलला असता. बोलला नाही. राखाडी थर लागला, सुकला. मग सुनेचा आवाज आला, "इथे. नाही, जरा अलीकडे. इथे काहीतरी आहे." आणि मुलाचा, "काही नाहीये तिथे." आणि पुन्हा सुनेचा, "आहे म्हणते ना." मग परत कागद, थोडासाच. बाईने ओठ घट्ट मिटून घेतले.

आत कुणी "हं" म्हणालं नाही. कॉम्प्रेसर सुरू झाला.

गनचा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला आणि परत आला, एकसारखा, कुठे न अडखळता. बाईने डोळे मिटून तो ऐकला. नवरा असाच रंग मारायचा. आपल्याकडे इतके दिवस कान होते आणि आपण हातावर विसंबलो, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. मग सगळं बंद झालं. डोळे पडायचे तर आता. रस्त्यावरून कुणीतरी भांडत गेलं, त्यांचं भांडण कोपऱ्यापर्यंत ऐकू आलं आणि संपलं. आत आवाज नव्हता.

पडदा हलला. सून बाहेर आली, हातमोजा काढत पायरीवर तिच्या शेजारी बसली आणि काही बोलली नाही. बाईनेही विचारलं नाही.

मग आतून थिनर ओतल्याचा आवाज आला. कप धुतल्याचा. गनची टोपी फिरवून काढल्याचा, ती फडक्यावर ठेवल्याचा. मग सुई, मग स्प्रिंग, एक एक काढून, सावकाश. बिघडलेल्या कामानंतर कुणी गन अशी धूत नाही.

बाईने नाक ओढलं.

"तुझी बॅग बहिणीकडेच आहे?"

"मग कुठे असणार."

"केवढी आहे?"

"लहानच. तुम्ही भरायला वेळ कुठे दिला होता?"

"म्हणजे एका फेरीत येईल," बाई म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठत चप्पल शोधायला लागली.